कारळ्याची चटणी आणि माझा आयएनआर

३ नोव्हेंबर, सोमवार

एक पॉइंट सहा!

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. "रूपाली मॅडम, गोळ्या चुकवल्या?" न्हाई सर. "एखादी?" एकपण न्हाई. सातवीतल्या पोरांना मी गृहपाठाबद्दल विचारते ना, अगदी तोच आवाज. असला राग आला! नऊ वर्षं रोज संध्याकाळी सातला गोळी घेते मी. लग्नात हळदीच्या हातानं घेतली होती.

शेजारी एक नवा शिकाऊ डॉक्टर बसला होता. त्याला माझ्यादेखत समजावत होते, जणू मी भिंतीवरचा तक्ता. "लहानपणी सांधेताप. त्यात झडप खराब झाली. नऊ वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. धातूवर रक्त गोठतं, म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. आयएनआर अडीच ते साडेतीन पाहिजे. वर गेला तर रक्तस्राव. खाली आला तर गुठळी – बसली तर झडप अडकते, सुटली तर मेंदूत जाते." त्यानं मान डोलवली. मीपण डोलवली. काय करणार?

गोळी वाढवली. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. आणि आहारतज्ज्ञांना भेटा, तोवर काय खाता ते सगळं लिहून ठेवा म्हणाले. त्यांच्यासाठी छोटी वही केलीय. ही मोठी माझी. खाणं तिकडं, भीती इकडं.

४ नोव्हेंबर

छोट्या वहीत लिहिलं – दोन इडल्या, चहा. डब्यात भाकरी, मटकीची उसळ. संध्याकाळी चुरमुरे. रात्री भाकरी, ताक. बघितलं तर किती साधं दिसतंय! असल्या जेवणानं कुणाचं रक्त गोठतं?

विक्रमला आकडा सांगितला. तो उद्यमबागेतनं, फौंड्रीतनं आलेला, हात काळेच. हात धुवायला गेला आणि नळ सोडून बराच वेळ तसाच उभा राहिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आहारतज्ज्ञ म्हणजे कुणीतरी "ओट्स खा, ऑलिव्ह तेल घाला" म्हणणारी असणार असं धरून गेले होते. निघाली आमच्या निपाणीची! पारमिता मॅडम. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला, आई नर्स, आणि ही इथं खुर्चीत. माझ्याहून चार वर्षांनी लहान. पहिली दहा मिनिटं निपाणीच्याच गोष्टी – कुठली गल्ली, कुठली शाळा, कुणाचा वडा. मला वाटलं आता बरं वाटायला लागलं.

मग त्यांनी पोटाचं काढलं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. पण ते हृदयाच्या कारभारात नाक खुपसतात हे कुठल्या पुस्तकात होतं! पारमिता मॅडम म्हणाल्या, "भाकरीतला कोंडा, कडधान्याची सालं तुम्हाला पचत नाहीत. ते त्यांचं जेवण. ते खाऊन ती जी द्रव्यं बनवतात, ती रक्तदाबाला, रक्तवाहिन्यांना बरी. आणि रोज मटण, अंड्याचा बलक असं चाललं की त्यातले काही जिवाणू भलताच पदार्थ काढतात. यकृतात जाऊन तो बदलतो आणि रक्तवाहिन्यांत थर चढायला मदत करतो. म्हणजे आपण दोघांसाठी जेवतो म्हणा. एक आपण, एक ते."

आणि मग सहज म्हणाल्यासारखं, "रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. थोडं तेही हे जिवाणू बनवतात."

म्हणजे मी सातला गोळी घेऊन रक्त पातळ करणार आणि हे आत बसून ते घट्ट करायचं सामान बनवणार? मॅडम हसल्या. "तेवढं घाबरायचं काम नाही. तुमचा आकडा एवढा पडावा असं त्यांच्या एकट्यानं होत नाही. मुख्य के येतं पालेभाजीतनं. ती किती?" आठवड्यातनं एकदा, वाटीभर. नऊ वर्षं तेवढीच. "मग दुसरं काहीतरी असणार. लिहीत राहा. सगळं लिहा हं."

रिक्षात बसल्यावर पोटावर हात ठेवला. कोट्यवधी भाडेकरू! आणि मालकिणीला माहीतच नाही कोण काय करतंय.

११ नोव्हेंबर

वर्गात दह्याचा प्रयोग. एक पोरगी विचारते, "मॅडम, जिवाणूंना पण पोट असतंय व्हय?" सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. दह्याच्या भांड्याकडं बघत होते.

१३ नोव्हेंबर

घरात हिरवं बंद. कोथिंबीरसुद्धा! आत्ती म्हणाल्या, "कोतमीर काय करतीया गं तुला?" आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, जयाबाई. दिवाळीला नंदगडाहून आल्या त्या यंदा राहिल्याच. येताना डबेच डबे – नाचणीचं पीठ, कुळीथ, पापड, चटण्या. त्या आल्यापासून स्वयंपाकघर माझं राहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं सुखच आहे. शाळेतनं आले की ताट वाढलेलं असतं. माझा भात वेगळा, ताक वेगळं, सगळं आधी माझं. माझ्या आईनं इतकं केलं नाही.

त्यांना जिवाणूंचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोटात किडं हाईत म्हनं हिच्या" – आणि शेजारच्या काकूंना ते सांगून टाकलं! आता सगळ्या गल्लीला मी जंताची गोळी घ्यायला पाहिजे असं वाटतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक पॉइंट पाच.

वाढवलेल्या गोळीनंतर! खाली! डॉक्टरांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांनाही कळत नाही. गोळी अजून वाढवली. शिवाय रोज दोनदा पोटात इंजेक्शन, आकडा वर येईपर्यंत निदान आठवडाभर. ते विक्रमनं शिकून घेतलं. दीड टनाची भट्टी सांभाळणारा माणूस, त्यानं सुई दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. शेवटी मीच म्हटलं, "द्या इकडं, मीच टोचते."

१८ नोव्हेंबर

सकाळी आरशात हसून बघितलं. तोंड सरळ आहे. दोन्ही हात वर केले. दोन्ही वर जातायत.

१९ नोव्हेंबर

तोंड सरळ. हात वर.

२० नोव्हेंबर

फळ्यावर "ऑक्सिजन" लिहिताना एक अक्षर चुकलं. बास! पुढची वीस मिनिटं वर्गात काय शिकवलं देव जाणे. मेंदूत गेली, गेली, गेली – हेच. सुट्टीत स्टाफरूममध्ये कागदावर पंधरा वेळा "ऑक्सिजन" लिहून बघितलं. सगळे बरोबर. हेडबाई म्हणाल्या, "रूपाली, हस्ताक्षर सुधारायलीस काय?"

२३ नोव्हेंबर, रविवार

विक्रमबरोबर रविवारच्या बाजारात. मेथीचे ढीग, शेपू, कांद्याची पात, पोकळा. थंडीत या भाज्यांना काय रंग चढतो! मी ओढणी नाकाला लावून मधनं चालले. विक्रम म्हणाला, "वासानं बी आकडा पडतोय काय गं?" मी चिडले. भर बाजारात म्हटलं, तुम्हाला काय, तुमच्या छातीत लोखंड नाही! बायका वळून बघायला लागल्या. घरी येईपर्यंत पिशवी दोघांनी धरली होती.

मला मरायची भीती वाटते. लिहूनच टाकते. तेहतीस वर्षांची आहे. मरायचीही नाही, त्याहून जास्त – अर्धं अंग जाऊन, जीभ जाऊन आत्तींच्या हातनं भात खात पडायची.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

चारला पारमिता मॅडमकडं छोटी वही घेऊन गेले. त्या पान पान वाचत होत्या. एका जागी बोट ठेवलं. "शुक्रवारी रात्री नुसती भाकरी आणि ताक. भाकरी कोरडीच खाता?"

"न्हाई हो, चटणी असती की."

"ती लिहिली नाही."

"चटणी कोण लिहितं मॅडम!"

खरंच! चटणी काय खाणं आहे? मीठ लिहितं का कुणी? पाणी? आमच्याकडं चटणी ताटात असतेच, तिला कुणी मोजत नाही. मॅडमनी विचारलं, कशाची? म्हटलं कारळ्याची. "कारळ्यानं काही होत नाही. पण लिहा. किती चमचे तेसुद्धा." किती चमचे! मला हसूच आलं. घरी आले.

आत्ती चटणीही आम्हाला वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवतात. रात्रीच्या जेवणाला विक्रमचा डबा रिकामा. त्यानं माझ्याच डब्यातली घेतली. दोन घास खाल्ले आणि थांबला. "तुझी चटणी वायली हाय व्हय गं? पाल्यागत लागतीया." आत्ती एकदम म्हणाल्या, "ठेव ती! तिची हाय ती!" आणि त्याच्या ताटातनं चटणी उचलायलाच निघाल्या.

आत्ती कधी कुणाच्या ताटातलं काढत नाहीत.

मी डबा उचलून दिव्याखाली धरला. कारळं काळं असतं. यात काळ्याच्या आत हिरवं होतं.

२७ नोव्हेंबर

शाळेत गेले नाही. विक्रम कामावर गेल्यावर आत्तींसमोर डबा ठेवला. काय घातलंय?

आधी पदराच्या काठाशी चाळा करत बसल्या. मग एकदम सगळं. "शेवग्याचा पाला. परड्यातला. सावलीत वाळवला, कुटला, वस्त्रगाळ केला. तुझ्या गोळ्या रक्त पातळ करत्यात म्हनं. आता रक्त पातळ झाल्यावर मानूस उभं ऱ्हाईल व्हय गं? तू दिसभर शाळंत उभी. घरला येतीस तवा पांढरी फटक. डागदर पातळ करतोय तर करू दे, म्हटलं, आपुन घरातनं घट्ट करायचं!"

मला का सांगितलं नाही?

"सांगितलं असतं तर वहीत लिवलं असतंस."

मी ओरडले. खूप ओरडले. मारलं असतंत मला तुम्ही, पोटात सुया टोचून घेतल्या मी तुमच्यामुळं, रोज आरशात तोंड बघत होते वाकडं झालंय का म्हणून! आत्ती ऐकत राहिल्या. एवढुश्या झाल्या. मग म्हणाल्या, "आमची मंगल बाळंतपनात गेली. एकुनीस वर्साची. डागदरीनबाई म्हनल्या, अंगात रक्तच न्हाई. तवा मला ह्यो पाला ठावं न्हवता गं."

मंगल म्हणजे विक्रमची थोरली बहीण. तिचा फोटो आहे नंदगडच्या घरी, दोन वेण्या घातलेला. आत्तींच्या तोंडनं तिचं नाव मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

या बाईनं मला नातवाबद्दल कधी एका शब्दानं छेडलं नाही. लग्न ठरतानाच सांगितलं होतं – ही गोळी पोटातल्या मुलाला बाधते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं, मगच. आम्ही कधी विचारलंच नाही. विचारायला गेलो तर "नको" म्हणतील याची भीती. "चालेल" म्हणाले तर त्याची दुप्पट. गल्लीतल्या बायका आत्तींना टोचतात, मी ऐकलंय. आत्ती म्हणतात, "आमची सून मास्तरीन हाय, तिला दोनशे पोरं."

मग आम्ही दोघी रडलो. मी आधी.

२८ नोव्हेंबर

काखेत कळसा! महिनाभर पोटातल्या बिचाऱ्या जिवाणूंना शिव्या देत होते.

डबा रिकामा केला. आत्तींनी स्वतःच्या हातानं नळाखाली धरला. डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरवलं. म्हणजे मीच ठरवलं. काय सांगू? सासूनं गुपचूप खायला घातलं? त्या वाक्याचा अर्थ लोक काय घेतात मला माहीत आहे. डॉक्टर लिहून ठेवतील, सिस्टरना कळेल, शाळेतल्या एकीची बहीण तिथंच रिसेप्शनला आहे – दोन दिवसांत आमच्या सगळ्या खासबागेत "सुनेला काहीतरी घातलं" होईल. माझ्या आत्तींबद्दल! नको. घरातली गोष्ट घरात. कारण सापडलं, कारण काढलं. आकडा आपोआप जागेवर येईल.

विक्रमलाही सांगितलं नाही. चटणी खराब झाली होती म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार

दोन पॉइंट सात! दोन पॉइंट सात! रिक्षावाल्याला चहा पाजावा असं वाटलं!

डॉक्टरही खूश. इंजेक्शनं बंद. "आता बसला बघा. खाण्यात काही बदल?" न्हाई सर. "मग हाच डोस ठेवू. पंधराला या." किती सोपं असतं खोटं बोलणं. "न्हाई सर." झालं.

पारमिता मॅडमचा फोन आला होता. उचलला नाही.

५ डिसेंबर

ताक, भाकरी, हुलग्याचं माडगं. छान चाललंय. आज आरशात बघायचं विसरले!

१० डिसेंबर, बुधवार

पोट बिघडलंय. सकाळपासून मळमळ. भाकरी भाजल्याचा वास नको, ताक तर बघवत नाही. एवढी एकदम डाळी-कोंड्याची भर घातली, भाडेकरूंनी मोर्चा काढला असणार. आत्ती लिंबू कापून देतात, तेवढंच जातं.

१२ डिसेंबर

तेच. दिवसभरात अर्धी भाकरी. छोटी वही लिहायचं बंद केलंय. लिहिण्यासारखं खातेच कुठं?

१४ डिसेंबर, रविवार

मांडीवर पालथ्या पंजाएवढा काळानिळा डाग. कशाला धडकले ते आठवत नाही. बाकाला असेल. वर्गातले बाक फार जवळ जवळ आहेत.

१५ डिसेंबर, सोमवार

आज रक्त द्यायचं होतं. शाळेत बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण अधिकारी साहेबांची तपासणी, आणि इथं भरलेल्या विधानसभेच्या अधिवेशनामुळं निम्मे रस्ते बंद. आज या संघटनेचा मोर्चा, उद्या त्या. गुरुवारी जाते. तीन दिवसांनी काय होतंय?

दंडावरपण एक डाग आहे. लांब बाह्यांचा ब्लाउज घातला.

१६ डिसेंबर

दात घासताना रक्त. थुंकी लालच येत होती, दहा मिनिटं. नळ सोडून ठेवला आवाज जाऊ नये म्हणून.

घट्ट झाल्याची भीती इतके दिवस घेऊन हिंडले. ही दुसरीकडची भीती आहे. हिच्यासाठी आरसा नको, सगळीकडं दिसतेय. उद्या जाते. उद्या नक्की.

१८ डिसेंबर, गुरुवार. हॉस्पिटल

काल तिसऱ्या तासाला नाकातनं रक्त आलं. थांबेना. खडू हातात, पदर नाकाला, पदर भिजला. पोरं रडायला लागली. हेडबाईंनी आपल्या गाडीत घालून आणलं. रस्ताभर म्हणत होत्या, "बोलत राहा, बोलत राहा." मी काय बोलले असेन? म्हणे सारखं एकच म्हणत होते – वर्गातला फळा पुसायचा राहिलाय.

आठ पॉइंट चार.

डॉक्टर आले तेव्हा विक्रम पायाशी, आत्ती उशाशी. के जीवनसत्त्वाची सुई दिली. ज्याच्यापासून नऊ वर्षं पळाले, तेच शिरेत! "कशानं झालं हे? डोस तोच, खाणं तेच. मॅडम, काहीतरी बदललंय. मला कळल्याशिवाय मी काय करू?" मी छताकडं बघत राहिले. विक्रम म्हणाला, "सर, ती सगळं लिहिती."

आणि आत्ती उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "साहेब, तिला काय इचारू नका. म्या क्येलंय. म्या तिला शेवग्याचा पाला घातला चटणीतनं, म्हैनाभर. मग तिनं बंद क्येला. तिनं माझी लाज राखली."

सगळी खोली ऐकत होती. शेजारच्या पलंगावरची बाई, तिची मुलगी, सिस्टर. विक्रमचं तोंड उघडंच राहिलं.

मला वाटलं आता डॉक्टर आत्तींवर बरसणार. त्यांनी खुर्ची ओढली, आत्तींना बसवलं. "आजी, किती चमचे घालत होता?" दोन. "रोज?" रोज. मग माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "पाल्यानं आकडा खाली ओढला म्हणून मी दोनदा गोळी वाढवली. तुम्ही पाला काढलात आणि वाढवलेली गोळी तशीच चालू ठेवलीत. शिवाय आठवडाभर नीट जेवला नाहीत, म्हणजे खाण्यातनं येणारं के तेही गेलं. आजींनी चूक केली ती माहीत नसताना. तुम्ही विज्ञान शिकवता."

तराजूचा धडा मीच शिकवते. एका पारड्यातलं काढलं तर दुसऱ्यातलं काढायचं. सातवीतलं पोरगंही सांगेल! कुणाच्या लाजेखातर मी स्वतःचा जीव घालवत होते – आणि ती बाई सगळ्यांदेखत उठून ती लाज टाकून मोकळी झाली.

विक्रम बाहेर जाऊन आला. डोळे लाल. मला म्हणाला, "मला सांगायचं न्हाईस व्हय? मी कोन हाय तुझा?"

१९ डिसेंबर

चार पॉइंट एक. उतरतोय. नाक कोरडं.

पारमिता मॅडम आल्या. फोन न उचलल्याबद्दल माफी मागितली. म्हणाल्या, "मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, चटणी करतं कोण." आत्तींनी त्यांना दबकत विचारलं, पाला म्हणजे ईषच का मग? मॅडम म्हणाल्या, "न्हाई ओ आजी. पाला चांगलाच. हिला हिरवं अजिबात बंद करायचीबी गरज नव्हती. एक दिवस वाटीभर आणि आठ दिवस काहीच न्हाई, ते वाईट. रोज सारखं खायचं, सारखंच, आणि आम्हाला सांगून खायचं. मग गोळी त्या खाण्याला जुळवता येते. पोटातल्या त्या जिवाणूंचंपण तसंच आहे, त्यांनाही रोजचं ठरलेलं आवडतं." आत्तींनी मान हलवली. मग हळूच, "मग किती चमचं चालंल?" मॅडम हसल्या. मलाही हसू आलं, आणि हिरडी दुखली.

मळमळ आहेच. सिस्टर दारातनं कानडीत विचारते, "ऊटा आयता?" – जेवण झालं का – आणि नुसत्या शब्दानं पोट ढवळतं. बेंबीखाली दुखतंय, कालपासून. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, त्यांचा चेहरा पुन्हा तसा झाला. आकडा आठवर होता, आत कुठं रक्त साठलं असेल तर? उद्या सकाळी सोनोग्राफी.

विक्रमला घरी पाठवत होते, गेला नाही. बाकावर बसून आहे. आत्ती त्याच्या शेजारी. दोघं एका डब्यातनं खात होते.

भीती वाटतेय. पण आज ती तिघांत वाटलेली आहे.

२० डिसेंबर, शनिवार

आत रक्त साठलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडं वळवला. मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात सारखं लुकलुकणारं. साडेसहा आठवडे, म्हणाल्या. आकडे मोजण्यात पाळीची तारीख मोजायची राहूनच गेली होती. तो ठोका आहे. गोळी कुठली चालू आहे ते फाइलमध्ये वाचलं, आणि पडदा पुन्हा आपल्याकडं वळवून घेतला.

माझ्या डॉक्टरांना फोन लागत नाही. ऑपरेशनमध्ये आहेत. ही गोळी त्याला चालत नाही. गोळीशिवाय मला चालत नाही. विक्रम खाली औषधं आणायला गेलाय, त्याला माहीत नाही.

आत्ती आत आल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं. "काय म्हनली गं डागदरीनबाई?"

या खेपेला मी सांगितलं.